मनीप्लांट नव्हे, फिलोडेंड्रॉन: बदामी पानांच्या वेलीची ओळख आणि निगा

नर्सरीत लटकत्या कुंडीतून खाली सोडलेली, बदामाच्या आकाराच्या पातळ पानांची हिरवी वेल दिसली की बहुतेक जण ती मनीप्लांट समजून घरी आणतात. मग मनीप्लांटसारखीच वागणूक तिला मिळते: जड माती, रोजचं पाणी, कुठलाही कोपरा. मनीप्लांट हे बरंच सोसतो. ही वेल मात्र महिन्या-दोन महिन्यांत पिवळी पडू लागते, आणि दोष पाण्याला, उन्हाला किंवा नर्सरीवाल्याला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा कुंडीच्या आत असतं. तिच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि तीच मिळालेली नसते.

या वेलीचं शास्त्रीय नाव फिलोडेंड्रॉन हेडेरेशियम. महाराष्ट्रातल्या नर्सऱ्यांमध्ये तिला 'ऑक्सिकार्डियम' किंवा नुसतंच 'ऑक्सी' म्हणतात. जुन्या चिठ्ठ्यांवर 'स्कॅन्डेन्स' किंवा 'कॉर्डेटम' लिहिलेलं असतं. घरगुती लटकत्या कुंडीच्या बाबतीत ही सगळी नावं सहसा एकाच वेलीची असतात, त्यामुळे नावं बदलून तीच वेल दोनदा घेऊ नका. तिचं मूळ ठिकाण मेक्सिकोपासून कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण जंगलांपर्यंत पसरलेलं आहे. आपला मनीप्लांट, म्हणजे एपिप्रेमनम ऑरियम, पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियामधल्या मोओरेआ बेटावरचा. दोघांचं कूळ एक असलं तरी जाती वेगळ्या आहेत. याच कुळात आपले अळू आणि सुरणही येतात. ते लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

ओळख कशी पटवायची

पानाच्या आकारावरून ओळखायला जाल तर फसाल, कारण कोवळ्या मनीप्लांटचं पानही बदामीच असतं. सगळ्यात भरवशाची खूण वेलीच्या शेंड्याला असते. फिलोडेंड्रॉनचं नवं पान एका स्वतंत्र, पातळ आवरणात गुंडाळलेलं येतं. पान उलगडलं की ते आवरण तपकिरी, कागदी होऊन काही दिवस तिथेच चिकटून राहतं आणि नंतर गळतं. मनीप्लांटमध्ये असं वेगळं आवरण नसतं. त्याचं नवं पान आधीच्या पानाच्या देठातूनच सुरळी होऊन बाहेर पडतं. शेंड्याजवळ अशी वाळकी आवरणं दिसली तर वेल फिलोडेंड्रॉनची आहे, असं बिनदिक्कत म्हणा.

दुसरी खूण देठाची. मनीप्लांटच्या देठावर बोट फिरवलं की वरच्या बाजूला पन्हळीसारखी खाच लागते. फिलोडेंड्रॉनचा देठ बारीक आणि जवळजवळ गोल असतो. तिसरी खूण पेरांपाशी, म्हणजे खोडावर जिथून पान फुटतं त्या गाठीपाशी. मनीप्लांटच्या पेराला सहसा एकच जाड, आखूड, तपकिरी हवाई मूळ असतं, तर फिलोडेंड्रॉनच्या पेराला बारीक मुळांचा झुबका. यानंतर पान पाहा. फिलोडेंड्रॉनचं पान पातळ, मऊ, देठापाशी खोल खाच असलेलं आणि टोकाला लांब निमुळतं असतं. मनीप्लांटचं पान जाड, मेणचट, बुडाशी बरंच सरळ कापल्यासारखं. नवं पान तांबूस किंवा गुलाबीसर निघालं तर तेही फिलोडेंड्रॉनकडेच बोट दाखवतं, पण नुसत्या रंगावर विसंबू नये.

रंगीत वाणांमध्ये गोंधळ वाढतो. पोपटी रंगाचा 'निऑन' मनीप्लांट आणि 'लेमन लाइम' फिलोडेंड्रॉन शेजारी ठेवले तर लांबून सारखेच दिसतात. तिथे देठ आणि आवरण पाहूनच ठरवा. फिलोडेंड्रॉनच्या 'ब्राझील' या वाणाच्या गडद हिरव्या पानांच्या मधोमध पिवळट-पोपटी पट्टा असतो आणि प्रत्येक पानावर तो वेगळा उमटतो. 'मिकान्स'चं पान मखमली, उजेडाप्रमाणे हिरवं किंवा तांबूस-तपकिरी भासणारं. चंदेरी ठिपक्यांची, जरा खरखरीत पानांची वेल 'सिल्व्हर फिलोडेंड्रॉन' म्हणून दाखवली जाते, पण ती फिलोडेंड्रॉन नव्हे. ती सिंडॅप्सस पिक्टस.

आता अळू-सुरणाचा संबंध. आपल्याकडे गॅलरीत बदामी पानांच्या आणखी दोन वेली असतात: विड्याच्या पानांची नागवेल आणि काढ्यासाठी लावलेली गुळवेल. तिन्ही वेली एकाच जाळीवर चढवलेल्या असतील तर घाईत चुकीचं पान खुडलं जाऊ शकतं, म्हणून हा भाग नीट वाचा. फिलोडेंड्रॉनच्या पानात आणि खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. अळू-सुरणाने घशाला खाज येते ती याच स्फटिकांमुळे. पण अळू आपण चिंच किंवा आमसूल घालून शिजवतो. फिलोडेंड्रॉनवर असा कुठलाही उपाय करून ते खाण्याजोगं होत नाही. चावल्यास तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ आणि जीभ सुजतात. मांजर किंवा कुत्र्याने चावलं तर लाळ आणि उलट्या दिसतात. अशा वेळी तोंड पाण्याने धुवा, माणसाला गार पाणी किंवा दूध प्यायला द्या. सूज वाढली किंवा गिळायला, श्वासाला त्रास होऊ लागला तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा, प्राण्याला पशुवैद्यांकडे न्या. नागवेलीचं पान चुरगळलं की विड्याचा वास लगेच येतो आणि त्याच्या ठळक शिरा बुडाजवळूनच फुटून टोकाकडे जातात. गुळवेलीच्या जुन्या खोडाची साल कागदासारखी सुटते, खोडावर बारीक पुटकुळ्या दिसतात आणि दोऱ्यासारखी लांब मुळं लोंबतात. फिलोडेंड्रॉनला वास नाही आणि मधली एक शीर स्पष्ट असते. घरात रांगतं मूल किंवा पानं कुरतडणारं मांजर असेल तर ही वेल उंच टांगा आणि खाली लोंबणारं टोक वेळोवेळी छाटा.

मुळांना हवा का लागते

जंगलात ही वेल झाडांच्या बुंध्याला धरून वर चढते. तिची बरीच मुळं मातीत खोल न जाता सालीवर, शेवाळात, सडलेल्या पाचोळ्यात पसरतात. पाऊस पडतो, मुळं भिजतात आणि थोड्याच वेळात भोवती पुन्हा हवा खेळते. मूळही श्वास घेतं, त्याला ऑक्सिजन लागतो. घट्ट मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन संपतो, मुळांच्या पेशी मरतात आणि त्या मेलेल्या भागावर कुजवणारी बुरशी वाढते. म्हणूनच अति पाण्याने गेलेली वेल तहानलेल्या वेलीसारखीच मलूल दिसते: माती ओली, पण पाणी ओढणारी मुळंच शिल्लक नाहीत. तेव्हा आणखी पाणी घातलं की उरलेली मुळंही जातात.

आपल्याकडे नर्सरीतलं रोप बहुधा लाल मातीच्या घट्ट गोळ्यात येतं. वाहतुकीला तो गोळा सोयीचा असतो, घरात मात्र तोच घात करतो. तो तसाच ठेवून भोवती भुसभुशीत मिश्रण भरलं तर पाणी कडेच्या सैल भागातून खाली निघून जातं आणि मधला गोळा एक तर कोरडाठक राहतो किंवा एकदा भिजला की आठवडाभर चिखल. रोप आणल्यावर आठवडाभर सावलीत रुळू द्या. मग गोळा बादलीतल्या पाण्यात अर्धा तास भिजवा आणि बोटांनी हळूहळू माती सोडवा. शेवटचा कण काढायच्या नादात मुळं तोडू नका. खोडाजवळची थोडी माती राहिली तरी चालते.

मिश्रणासाठी ४ भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), २ भाग नारळाच्या सोडणाचे सेंटिमीटरभराचे तुकडे, २ भाग पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे), १ भाग गांडूळखत आणि १ भाग लाकडी कोळशाचे बारीक तुकडे घ्या. पर्लाइट मिळालं नाही तर भाताचं जाळून काळं केलेलं तूस चालतं. कोकोपीट विटेतून सुटं केल्यावर दोन-तीन पाण्यांत धुऊन पिळून घ्यावं, कारण त्यात बरेचदा क्षार उरलेले असतात आणि त्यांनी पानांची टोकं करपतात. नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नका. वरून ते कोरडं दिसतं तेव्हा तळाशी ओलंगच्च असतं. काळी माती तर अजिबात नको. ती ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. मिश्रण बरोबर जमलं की नाही हे पाहायची सोपी रीत: कुंडी भरून वरून पाणी ओता. काही सेकंदांत ते तळाच्या भोकातून बाहेर यायला हवं. वर तळं साचत असेल तर सोडणाचे तुकडे वाढवा.

कुंडी आधीच्या मुळांच्या गोळ्यापेक्षा व्यासाने ३ ते ५ सेंटिमीटरच मोठी घ्या. 'पुढे वाढेल' म्हणून घेतलेल्या मोठ्या कुंडीत मुळं नसलेल्या भागातलं पाणी कोणी शोषत नाही आणि कुजणं तिथून सुरू होतं. तळाला भोक नसलेली शोभेची कुंडी आवडली असेल तर ती बाहेरून वापरा. आतली कुंडी भोकाचीच हवी.

पाणी

'दर तीन दिवसांनी एक ग्लास' असा नियम कोणी सांगितला तर विसरून जा. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात जुलैमधली कुंडी दहा-बारा दिवस ओलसर राहू शकते. तीच कुंडी मे महिन्यात नागपूरला दोन-तीन दिवसांत वाळते. बोट मिश्रणात दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे सुमारे ४-५ सेंटिमीटर खोल घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या, गार आणि ओलसर लागलं तर दोन दिवस थांबा. कुंडी उचलून वजन पाहायची सवय लावलीत तर काही आठवड्यांत बोटाचीही गरज उरत नाही.

पाणी द्यायचं तेव्हा पोटभर द्या. १५ सेंटिमीटरच्या कुंडीला साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर लागतं. तळातून निथळायला लागलं की थांबायचं आणि बशीत साचलेलं पाणी पंधरा-वीस मिनिटांत ओतून टाकायचं. रोज दोन घोट देण्याने वरचा थर कायम ओला राहतो, खालची मुळं उपाशी राहतात आणि ओल्या थरात बारीक काळ्या चिलटांची पैदास होते.

बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर कुंडीच्या काठावर आणि मिश्रणावर पांढरा थर दिसू लागेल. ते क्षार आहेत. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी हळूहळू सोडून ते धुऊन काढा. घरच्या आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी मात्र या वेलीला देऊ नका. पाणी वाया जाऊ नये ही भावना योग्यच आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. ते लादी पुसायला वापरा.

उजेड, ऊन, थंडी

उजेड भरपूर हवा, पण दुपारचं थेट ऊन नको. पूर्वेची खिडकी उत्तम. सकाळचं तासभर कोवळं ऊन तिला मानवतं. पश्चिमेची खिडकी असेल तर पातळ पडदा लावा किंवा कुंडी दीड-दोन मीटर आत ठेवा. दुपारी पानाच्या वर फूटभर अंतरावर हात धरून सावली पाहा. कडा अंधूक पण सावली दिसते इतपत असेल तर जागा योग्य. सावली गडद आणि रेखीव पडली तर ऊन जास्त आहे. अजिबातच दिसली नाही तर उजेड कमी. अंधाऱ्या जागेत वेल लगेच मरत नाही म्हणून लोकांना वाटतं की तिला सावली आवडते. प्रत्यक्षात ती उजेडाच्या शोधात ताणली जाते: पेरांमधलं अंतर वाढतं, पानं लहान होत जातात आणि 'ब्राझील'चा पिवळा पट्टा अरुंद होतो.

१८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात वाढ चांगली होते. पारा १२-१३ अंशांखाली गेला की वाढ थांबते आणि पानांवर काळपट डाग येऊ शकतात, म्हणून नाशिक-पुण्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कुंडी गॅलरीतून आत घ्या. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यातली कोरडी झळ जास्त त्रास देते. कुंड्या एकमेकींजवळ ठेवल्या की भोवतालची हवा थोडी दमट राहते. दिवसातून दोनदा पानांवर पाणी फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो आणि पानं ओली राहिली तर रोगांना वाट मिळते. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा ओल्या फडक्याने पानांची धूळ पुसा. एसीच्या किंवा कूलरच्या थेट झोतात कुंडी नको.

खताची भूक माफक असते. मार्च ते ऑक्टोबर दर तीन-चार आठवड्यांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, म्हणजे सपाट पाव चमचा, आणि तेही ओलसर मिश्रणात. कोरड्या मुळांवर खत पडलं तर ती भाजतात. थंडीत वाढ मंदावते तेव्हा आणि कुंडी बदलल्यावर महिनाभर खत बंद.

छाटणी आणि नवी रोपं

लांबच लांब एकच वेल आणि वर टक्कल, ही या वेलीची नेहमीची तक्रार. शेंडा वाढत असतो तोवर तो ऑक्झिन हे संप्रेरक खाली पाठवून मागच्या पेरांवरचे डोळे झोपवून ठेवतो. शेंडा कापला की मागच्या एक-दोन पेरांतून फूट येते. काप पेराच्या अगदी वर घ्या. टकलावर आणखी एक उपाय आहे: लांब वेल उचलून कुंडीच्या मिश्रणावर गोल फिरवून ठेवा आणि पेरं केसांच्या आकड्याने किंवा यूच्या आकारात वाकवलेल्या तारेने मातीला टेकवून धरा. तीन-चार आठवड्यांत पेरं मुळं धरतात आणि वरून नवी फूट येऊ लागते. 'ब्राझील'ची एखादी फांदी पूर्ण हिरवी निघू लागली तर पट्टा असलेल्या शेवटच्या पेरापर्यंत मागे छाटा, नाहीतर जोमदार हिरवी फांदी बाकीच्यांवर मात करते.

छाटलेले तुकडे फेकू नका. पेराच्या सेंटिमीटरभर खाली कापलेला, दोन-तीन पेरांचा तुकडा घ्या, खालचं पान काढा आणि ते पेर पाण्यात बुडेल असं ठेवा. नुसतं पान देठासह पाण्यात ठेवलं तर कधी मुळं फुटतात, पण वेल कधीच होत नाही, कारण नवा कोंब पेरावरच्या डोळ्यातूनच येतो. उबदार दिवसांत दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात. ती ४-५ सेंटिमीटर झाली की मिश्रणात लावा. फार लांब वाढवलेल्या पाणमुळांना कुंडीत रुळायला वेळ लागतो. एकाच कुंडीत पाच-सहा तुकडे लावले तरच ती भरगच्च दिसते. पहिले दोन आठवडे मिश्रण थोडं जास्त ओलसर ठेवा. कापताना निघणारा रस कातडीला खाजवतो, म्हणून हातमोजे घाला किंवा लगेच हात धुवा.

काही जण वेल कायमची बाटलीतच ठेवतात. ती जगते. पण अशा साठलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या होतात. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघरी फुलदाण्या आणि मनीप्लांटच्या बाटल्या तपासतात ते यासाठीच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, तेव्हा दर चार-पाच दिवसांनी पाणी बदला. नुसतं ओतून पुन्हा भरणं पुरेसं नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर काचेला चिकटलेली असतात. बाटली आतून घासा आणि तोंडाशी कापूस लावा.

हवा शुद्ध होते म्हणून ही वेल घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हा दावा नासाच्या १९८९ च्या अभ्यासातून आला. ते प्रयोग लहान, बंद पेट्यांमध्ये झाले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा इमारतीतल्या नेहमीच्या खेळत्या हवेइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील असं दिसलं. वेल सुंदर आहे म्हणून लावा, हवेसाठी खिडकी उघडा.

काय बिघडलं ते पानावरून

महिन्यात बुडाजवळचं एखादं जुनं पान पिवळं झालं तर चिंता नको. एकदम तीन-चार पानं पिवळी आणि मिश्रण ओलं असेल तर रोप लगेच बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं, कुजलेलं तपकिरी, बुळबुळीत, ओढलं की साल हातात येणारं. कुजलेलं सगळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा आणि नव्या मिश्रणात, लहान कुंडीत लावा. अर्ध्याहून जास्त मुळं गेली असतील तर मूळ रोप वाचवण्यात वेळ न घालवता शेंड्याकडच्या निरोगी वेलीचे तुकडे करून नवी सुरुवात करणं शहाणपणाचं. पानं मऊ पडून आत वळली आणि कुंडी हलकी असेल तर फक्त तहान आहे.

देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एकेक पुसा, मग लिटरला ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि १-२ मिलिलिटर द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी फवारा. दर सात दिवसांनी, तीनदा. एकदाच फवारून थांबलं तर अंड्यांतून नवी पिढी निघते. उन्हाळ्यात पानावर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळी दिसली तर लाल कोळी. आधी पानाची मागची बाजू पाण्याच्या जोराने धुवा, मग तेच फवारे.

पावसाळ्यात पानाच्या कडेला तांबूस-तपकिरी पट्टा येऊन तो आत सरकत असेल आणि त्याभोवती पिवळसर कड असेल, तर तो जिवाणूंचा रोग असण्याची शक्यता मोठी. उडणाऱ्या पाण्याच्या थेंबांतून तो पसरतो. ती पानं कोरड्या दिवशी देठासह कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा, कुंडी बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि पाऊस सरेपर्यंत पाणी फक्त मिश्रणावर, पानं भिजणार नाहीत असं घाला. त्या वेलीची कलमं नवीन निरोगी पानं येईपर्यंत कोणाला देऊ नका.